ट्रिम नेमकं काय कापतं? रिकाम्या जागेची पार्श्वभूमी

मजकुराच्या टोकांवरच्या स्पेस कापायची, म्हणजेच ट्रिमची, गरज वेबच्या आधीची आहे. ८० स्तंभांच्या छिद्रित कार्डांवर नाव छोटं असलं की उरलेली घरं कोरी राहायची. पुढे डेटाबेसमधल्या ठरावीक लांबीच्या कॉलमनी तीच पद्धत चालू ठेवली. कोरं म्हणजे काय, यावर तेव्हा वाद नव्हता. तो वेबवर आला.

जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी भाषा १९९५ साली आली ती ट्रिमशिवाय. डिसेंबर १९९९ च्या तिसऱ्या मानक आवृत्तीत रेग्युलर एक्स्प्रेशन (थोडक्यात रेजेक्स, मजकुरातले नमुने शोधायची सूत्रं) आले आणि पुढची दहा वर्षं प्रत्येकाने आपापलं ट्रिम लिहिलं. २००६ साली जेक्वेरी या जावास्क्रिप्टच्या तयार कोडसंग्रहाने स्वतःचं ट्रिम दिलं आणि बहुतेकांनी तेच वापरलं. भाषेत ते अधिकृतपणे आलं डिसेंबर २००९ मध्ये, पाचव्या आवृत्तीत. फायरफॉक्स ३.५ मध्ये ते काही महिने आधीच होतं, पण इंटरनेट एक्सप्लोररला २०११ ची नववी आवृत्ती यावी लागली. आठव्या आवृत्तीला सांभाळून घ्यायचं म्हणून घरगुती रेजेक्स त्यानंतरही बरीच वर्षं टिकले. जेक्वेरीने आपलं ट्रिम कालबाह्य ठरवलं ते थेट २०२० मध्ये.

हे रेजेक्स निरुपद्रवी नव्हते. जुलै २०१६ मध्ये प्रोग्रामरांचं एक मोठं प्रश्नोत्तर संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद पडलं, कारण एका नोंदीत सलग सुमारे २०,००० स्पेस होत्या. शेवटच्या स्पेस शोधणारा रेजेक्स त्या रांगेच्या प्रत्येक जागेपासून नव्याने सुरुवात करत होता. २०,००० पासून एकापर्यंत बेरीज केली की २० कोटींच्या आसपास तपासण्या होतात.

एकाच टोकाचं ट्रिम ब्राउझरांमध्ये ट्रिमलेफ्ट आणि ट्रिमराइट या नावांनी मानकाबाहेर रुळलं होतं. २०१९ च्या आवृत्तीत मानकाने ट्रिमस्टार्ट आणि ट्रिमएंड ही नावं घेतली. अरबी-हिब्रूत मजकुराची सुरुवात उजवीकडे असते, शिवाय टोकांना भर घालणारे पॅडस्टार्ट आणि पॅडएंड २०१७ मध्येच त्याच धर्तीच्या नावांनी आले होते. निर्णय योग्यच होता. जुनी नावंही काढली नाहीत, त्यामुळे कुणाचं पान मोडलं नाही.

खरा गुंता रिकामी जागा कशाला म्हणायचं याचा आहे. वर्डमधून किंवा दुसऱ्या पानावरून चिकटवलेल्या मजकुरात नॉन-ब्रेकिंग स्पेस, म्हणजे जिच्यापाशी ओळ तुटत नाही अशी स्पेस, येते. जावास्क्रिप्टचं ट्रिम ती कापतं, पण जुन्या इंटरनेट एक्सप्लोररचा रेजेक्स तिला स्पेस मानत नसे, म्हणून जेक्वेरीला ती वेगळी नोंदवावी लागली. एचटीएमएलच्या नियमांत रिकाम्या जागेची चिन्हं पाचच: स्पेस, टॅब, लाइन फीड, फॉर्म फीड आणि कॅरेज रिटर्न. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेच्या ट्रिमची यादी वर्षानुवर्षं सहाची राहिली. तिच्यात फॉर्म फीड नाही, पण नल बाइट आणि व्हर्टिकल टॅब आहेत. म्हणजे एकाच फॉर्ममधलं एकच नाव ब्राउझरमध्ये एका नियमाने कापलं जातं आणि सर्व्हरवर दुसऱ्या. यादीसुद्धा स्थिर नाही. मंगोलियन व्हॉवेल सेपरेटर हे चिन्ह युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या चिन्हांच्या सामायिक यादीत, स्पेस होतं, २०१३ च्या ६.३ आवृत्तीत ते स्पेसच्या गटातून बाहेर पडलं, आणि जुनी व नवी जावास्क्रिप्ट इंजिनं त्याला वेगवेगळं वागवू लागली.

आपल्याला याची झळ बसली ती न दिसणाऱ्या चिन्हांमुळे. झीरो विड्थ स्पेस आणि अक्षरांची जुळणी ठरवणारे नॉन-जॉइनर आणि जॉइनर युनिकोडमध्ये ओळीने शेजारी आहेत. मजकूर ‘स्वच्छ’ करणारा एक लोकप्रिय रेजेक्स या तिघांचा सलग पल्लाच पकडतो, सोबत फाइलच्या सुरुवातीला येणारा अदृश्य बाइट ऑर्डर मार्क घेतो आणि सगळं पुसून टाकतो, तेही फक्त टोकांवरचं नव्हे, मधलंसुद्धा. मराठीत जॉइनर हा अक्षराचा भाग आहे. र, हलन्त, जॉइनर आणि य अशा क्रमाने टंकलेलं ‘दर्‍या’ त्या रेजेक्सखालून गेलं की ‘दर्या’ होतं: डोंगरातल्या दर्‍यांचा समुद्र. ‘आचार्‍यांना’ स्वयंपाकघरातून उठवून ‘आचार्यांना’ गुरुकुलात बसवलं जातं. नुक्तावाला ऱ वापरून टंकलेला ‘दऱ्या’ वाचतो, कारण त्याला जॉइनर लागत नाही. मात्र दोन्ही पद्धतींचा मजकूर जगात भरपूर आहे. साठवताना जॉइनर पुसला आणि शोधताना तसाच ठेवला, तर समोर असलेली नोंदही सापडत नाही. मुळात जावास्क्रिप्टचं ट्रिम जॉइनरला हात लावत नाही. दिसत नाही ते रिकामं, ही समजूत रेजेक्स लिहिणाऱ्यांची होती आणि ती चुकीची होती.

पीएचपीत अडचण आणखी खालच्या थराला आहे. तिथलं ट्रिम अक्षरं पाहत नाही, बाइट पाहतं. नॉन-ब्रेकिंग स्पेसही कापावी म्हणून कुणी ती यादीत घातली, तर यूटीएफ-८ मधले (युनिकोडची चिन्हं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीतले) तिचे दोन बाइट, १९४ आणि १६०, सुटे-सुटे यादीत जातात. आता ठ चे बाइट पाहा: २२४, १६४, १६०. पत्त्याचा शेवट ‘सदाशिव पेठ’ असा असेल तर शेवटचा १६० कापला जातो आणि मागे अर्धवट, अवैध ठ उरतो. विद्यापीठ, आठ, साठ यांचीही तीच गत. असा पत्ता जेसनमध्ये (सर्व्हरकडून ब्राउझरकडे माहिती पाठवायच्या मजकूर-साच्यात) बदलायला गेलं की पीएचपी मजकुराऐवजी फॉल्स, म्हणजे ‘जमलं नाही’, परत देतं. चूक पत्त्याच्या रकान्यात झालेली असते आणि रिकामं येतं अख्खं उत्तर, त्यामुळे शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो.

अक्षरं ओळखणारं एमबी-ट्रिम पीएचपीत आलं ते नोव्हेंबर २०२४ च्या ८.४ आवृत्तीत. त्याआधीच्या आवृत्त्यांवर चालणाऱ्या संकेतस्थळांसाठी खात्रीचा मार्ग तोच आहे जो आधी होता: युनिकोडचा मॉडिफायर (बाइटऐवजी अक्षरं पाहायला लावणारी खूण) लावलेला रेजेक्स, फक्त टोकांपुरता, आणि त्याच्या यादीत जॉइनर नको.