आधी घंटी, मग पडदा: बोटीवरच्या रडारची पार्श्वभूमी

नागपुरात रडार म्हटलं की सोनेगावचं हवामान खात्याचं रडारच डोळ्यांसमोर येतं. खिंडसी तलावात बोटिंगला रडार लागत नाही, काठ दिसत असतो. समुद्रात हौसेची बोट हाकणाऱ्याचं तसं नाही. धुकं उतरलं की समोरचं जहाज अंगावर येईपर्यंत पत्ता लागत नाही.

रडारची कल्पना निघाली तीच मुळी जहाजांची टक्कर टाळायला. जर्मनीच्या क्रिस्टियान ह्युल्समायर यांनी १९०४ मध्ये कोलोनला ऱ्हाईनवरच्या पुलावरून प्रयोग दाखवला. रेडिओ लहरी नदीतल्या जहाजावर आपटून परतल्या की घंटी वाजायची. जहाज किती लांब आहे, हे मात्र थेट कळत नसे. जहाज कंपन्यांनी यंत्राकडे पाठ फिरवली. भोंग्यावर त्यांचं भागत होतं!

पुढे विमानांच्या धास्तीनं ब्रिटनमध्ये १९३५ पासून या कामाला जोर आला. पण लहरींची लांबी कित्येक मीटर, म्हणून अँटेनासाठी उंच मनोरे. बोटीवर ते बसणार कुठे? बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या शास्त्रज्ञांनी १९४० मध्ये मॅग्नेट्रॉन, म्हणजे आखूड लहरी जोरात सोडणारी नळी, चालवून दाखवला आणि लहर साधारण १० सेंटिमीटरवर आली. हाच मॅग्नेट्रॉन आज घरच्या मायक्रोवेव्हमध्ये असतो. युद्धानंतर रडार व्यापारी जहाजांवर गेलं, मग हळूहळू छोट्या बोटींवर.

रडार आलं म्हणजे टकरी थांबल्या, असं झालं नाही. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ 'आंद्रेआ दोरिया' आणि 'स्टॉकहोम' ही प्रवासी जहाजं एकमेकांवर आदळली. ५१ माणसं गेली. दोन्ही जहाजांनी एकमेकांना रडारवर पाहिलं होतं. पण एकाला वाटलं समोरचं डावीकडून जाईल, दुसऱ्याला वाटलं उजवीकडून. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत म्हणूनच बजावलं आहे, की रडारच्या तुटपुंज्या माहितीवरून अंदाज बांधू नका. शिवाय बोटीवर चालू स्थितीतलं रडार असेल, तर ते नीट वापरणं बंधनकारक. हौशी बोटवालाही त्यातून सुटत नाही.

२००९ च्या सुमारास छोट्या बोटींसाठी मॅग्नेट्रॉनविना चालणारी रडारं आली. वीज कमी खातात, तापायला वेळ घेत नाहीत. आता डॉप्लर तंत्रानं, म्हणजे परतलेल्या लहरीतल्या बदलावरून हालचाल ओळखून, जवळ येणारी वस्तू वेगळ्या रंगात दिसते. मात्र फायबरची बोट स्वतः लहरी फारशा परतवत नाही, त्यामुळे मोठ्या जहाजाच्या पडद्यावर ती उमटेलच असं नाही. म्हणून जाणकार मंडळी रडार असलं तरी डोलकाठीवर धातूच्या पत्र्यांचा कोनदार परावर्तक टांगतात.