मोल आणि वस्तुमान यांची गणिते (स्टॉइकिओमेट्री)

रासायनिक अभिक्रियेत कोणता पदार्थ किती लागेल आणि किती तयार होईल, हे संतुलित समीकरणावरून (ज्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखेच असतात) काढण्याची रीत. ‘स्टॉइकिओमेट्री’ हा शब्द जर्मन रसायनज्ञ येरेमिआस रिश्टर यांनी १७९२ मध्ये मूलद्रव्य आणि मोजमाप या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून घडवला.

समीकरणातले सहगुणक, म्हणजे प्रत्येक पदार्थाच्या सूत्राआधी लिहिलेले आकडे, कणांची संख्या सांगतात. तराजू दाखवतो ग्रॅम. एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी मोल हे एकक वापरतात. १ मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. मे २०१९ पासून मोलची व्याख्याच या आकड्याने होते. त्याआधी ती १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंच्या संख्येवरून केली जाई. गणितात मात्र हा अगडबंब आकडा सहसा लागतही नाही. लागते ते १ मोल पदार्थाचे वस्तुमान: हायड्रोजन वायूचे २ ग्रॅम, ऑक्सिजन वायूचे ३२, पाण्याचे १८. दिलेल्या ग्रॅमना त्याने भागले की मोल मिळतात, मोलना गुणले की पुन्हा ग्रॅम.

समजा, ६ ग्रॅम मॅग्नेशियम हवेत पूर्ण जाळले. मॅग्नेशियमच्या १ मोलचे वस्तुमान २४ ग्रॅम, म्हणून हे झाले ०.२५ मोल. मॅग्नेशियमच्या २ अणूंमागे मॅग्नेशियम ऑक्साइडचे २ घटक तयार होतात; तेव्हा ऑक्साइडही ०.२५ मोल. त्याच्या १ मोलचे वस्तुमान ४० ग्रॅम, म्हणजे पांढरी भुकटी १० ग्रॅम भरेल. वाढलेले ४ ग्रॅम हवेतल्या ऑक्सिजनचे.

हमखास होणारी चूक म्हणजे सहगुणकांचे प्रमाण थेट ग्रॅमना लावणे. पाण्याचे २ रेणू तयार होताना हायड्रोजनचे २ रेणू आणि ऑक्सिजनचा १ रेणू लागतो, म्हणून हायड्रोजन ‘दुप्पट वजनाचा’ घ्यायचा, असे वाटते. वजनाचे प्रमाण प्रत्यक्षात १ ला ८ असे पडते!

दोन्ही अभिक्रियाकारकांची वजने दिलेली असली, तर आधी कोणता संपतो ते पाहावे लागते. दोन्ही वायू १०-१० ग्रॅम घेतले, तर हायड्रोजन ५ मोल आणि ऑक्सिजन अवघा ०.३१२५ मोल. ऑक्सिजन आधी संपतो आणि पाणी ०.६२५ मोल, म्हणजे ११.२५ ग्रॅम मिळते. हायड्रोजन त्यात १.२५ ग्रॅमच खर्ची पडला, ८.७५ ग्रॅम तसाच उरला. ११.२५ आणि ८.७५ मिळून २० ग्रॅम. सुरुवातीलाही तेवढेच होते. अशी बेरीज जुळली नाही, तर आधी समीकरण संतुलित आहे का ते तपासावे.