वाळू टाकणाऱ्या म्हातारीला चेहरा कुठून आला?

'गेगेगे नो कितारो' या मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, सगळा भार एकाक्ष भूतपोर कितारोवर आणि त्याच्या लबाड दोस्तावर, म्हणजे नेझुमी-ओतोकोवर. सुनाकाके-बाबा ही त्यांच्या गोतावळ्यातली. लढाई जुंपली की पुढे यायचं, शत्रूच्या डोळ्यांत मूठभर वाळू उडवायची, एवढंच तिचं मुख्य काम. नावातल्या 'बाबा'वर अडखळू नका. जपानीत बाबा म्हणजे म्हातारी, आणि सुना म्हणजे वाळू. पांढरे पिंजारलेले केस, बटबटीत डोळे, अंगात किमोनो: आज जपानात कुणालाही विचारलं तर ती अशीच दिसते असं सांगतील. मूळ लोककथेत मात्र तिला रूपच नाही.

यानागिता कुनिओ हे जपानी लोकसाहित्याच्या अभ्यासातलं सर्वांत मोठं नाव. १९३८-३९ मध्ये त्यांनी 'मिनकान देन्शो' या मासिकात गावोगावच्या योकाईंची, म्हणजे भुताखेतांची आणि अजब जीवांची, नाववार यादी छापली. सुनाकाके-बाबाच्या वाट्याला त्यात दोन-तीन ओळी आल्या, त्याही नारा भागातल्या कथांच्या एका जुन्या संग्रहातून उचललेल्या. देवळाजवळच्या निर्जन राईच्या सावलीतून जाताना ती अंगावर भसाभसा वाळू टाकून माणसाला घाबरवते. तिला पाहिलेलं कुणी नाही. संपली नोंद.

मग ती म्हातारी आहे हे कशावरून ठरलं? नोंदीत त्याचं उत्तर नाही. आपल्याकडच्या चकव्यालाही कुणी पाहिलेलं नसतं, पण तो नुसता चकवा असतो, त्याचं वय कुणी सांगत नाही. जपानात इतर काही ठिकाणी वाळू टाकण्याचा आळ तानुकी या रानजनावरावर येतो, आणि अंधारात झाडावरून खरंच काही सळसळत पडलं असेल तर ते जास्त पटतंही. काही जण या म्हातारीचा धागा नारातल्याच हिरोसे देवळाच्या उत्सवाशी जोडतात. तिथे ११ फेब्रुवारीला लोक एकमेकांवर वाळू उधळतात. वाळू म्हणजे पाऊस, आणि जितकी जोरात उधळाल तितका त्या वर्षी पाऊस चांगला, अशी समजूत. मला हा धागा जरा ओढूनताणून आणलेला वाटतो. उत्सवातली वाळू शेताच्या भल्यासाठी, राईतली भीती घालण्यासाठी. पण नारात वाळू आणि देऊळ एकत्र येतात, एवढं खरं.

तिला चेहरा दिला कितारोचे चित्रकार मिझुकी शिगेरू यांनी. १९२२ चा जन्म, तोत्तोरीतल्या साकाईमिनातो गावात वाढलेले. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या राबाउलला डावा हात गेला, पुढची सगळी चित्रं उजव्या हातानं काढली. १९६५ मध्ये 'शोनेन मॅगझिन'मध्ये त्यांचा कितारो सुरू झाला तेव्हा मांगाचं नाव होतं 'हाकाबा नो कितारो'. हाकाबा म्हणजे कबरस्तान. टीव्हीसाठी हे नाव अडचणीचं ठरलं, म्हणून १९६७ मध्ये 'गेगेगे' आलं आणि १९६८ च्या जानेवारीत ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका, पडद्यावर.

त्याआधी, १९६६ च्या 'योकाई दाइसेन्सो' या कथेत पाश्चात्त्य भुतांशी लढायला कितारोला फौज हवी होती. मिझुकींनी यानागितांच्या यादीतूनच माणसं, म्हणजे भुतं, उचलली: सुनाकाके-बाबा, रडकं बाळ वाटणारा म्हातारा कोनाकी-जिजी, उडतं कापड इत्तान-मोमेन आणि भिंत बनून वाट अडवणारा नुरिकाबे. एरवी मिझुकींना अठराव्या शतकातले चित्रकार तोरियामा सेकिएन यांच्या १७७६ च्या चित्रसंग्रहाचा मोठा आधार होता. त्यातली कित्येक भुतं त्यांच्या मांगात जवळपास जशीच्या तशी येतात. या चौघांसाठी सेकिएनचं चित्र नव्हतं. हाताशी होते फक्त शब्द.

मिझुकींची पद्धत अशी, की मागची झाडं, दगड, गवत हजारो बारीक ठिपक्यांनी जवळजवळ छायाचित्रासारखं उभं करायचं आणि त्यावर पात्र मात्र चार सोप्या रेषांत ठेवायचं. त्या गर्द काळ्या राईपुढे म्हातारीचे मोकळे पांढरे केस आणि वाटोळे डोळे कागदाचा कोरा भाग सोडल्यासारखे उठून दिसतात. भीती राईत राहते आणि म्हातारी आपलीशी होते. पुढे तर ती योकाईंच्या भाड्याच्या घरांची मालकीण झाली, भाडं थकवलं की खडसावणारी.

नुरिकाबेचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संग्रहातल्या १८०२ च्या एका चित्रगुंडाळीत त्याच्या नावाचं चित्र असल्याचं उजेडात आलं. भिंत नव्हेच, तीन डोळ्यांचं पांढरं जनावर. तरीही साकाईमिनातोच्या मिझुकी शिगेरू रस्त्यावर ब्राँझचा नुरिकाबे भिंत म्हणूनच उभा आहे. वाळूवाली म्हातारीही त्याच रस्त्यावर आहे, मिझुकींनी दिलेल्या चेहऱ्यानिशी.