ऑपरेशन पोटाचं, मग आवाज का बसला?

सांगली-मिरजेकडं घरटी एक तरी ऑपरेशन झालेलं असतं, मिरज तर दवाखान्यांचंच गाव, त्यामुळं पेशंटला बघायला जाणं हा इकडचा ठरलेला कार्यक्रम. आणि तिथं हमखास ऐकू येतं, "पित्ताची पिशवी काढली पोटातली, मग हिचा आवाज कसा गेला?" मग तर्क सुरू. भूल जास्त झाली, घशाची शीर कापली. आमच्या नात्यातल्या एका मावशींचा आवाज घोगरा आला तर "हिच्या तोंडनं दुसरंच कोण बोलतंय" इथपर्यंत मजल गेली आणि मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. दोन-चार दिवसांत आवाज आला, श्रेय मोहरीला.

खरं कारण म्हणजे नळी. पूर्ण भूल देताना बऱ्याचदा अंगाचे स्नायू सैल करायचं औषध पण देतात, त्यात श्वासाचे स्नायू पण आले, मग श्वास मशीननं द्यावा लागतो आणि त्यासाठी भुलीचे डॉक्टर तोंडातनं श्वासनळीत एक वाकडी प्लास्टिकची नळी सरकवतात. झोपल्यावर घालतात, शुद्धीवर येता येता काढतात, त्यामुळं पेशंटला पत्ताच नसतो. श्वासनळीत शिरायचा रस्ता एकच, दोन स्वरतंतूंच्या मधली फट. बायकांचे स्वरतंतू साधारण सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर लांब, आणि ७ नंबरची नळी आतनं ७ मिलिमीटर असली तरी बाहेरनं साडेनऊच्या आसपास भरते. जागा किती टाईट बघा.

आता माझा आवडता भाग. बोलताना हे तंतू बायकांच्यात सेकंदाला २०० च्या आसपास आणि पुरुषांच्यात १०० ते १२५ वेळा उघडमिट करतात. प्रत्येक वेळी मेंदू हुकूम देत नाही, तेवढं फास्ट त्याला जमणारच नाही. तो फक्त तंतू जवळ आणून ताणून धरतो, पुढचं काम फुफ्फुसातली हवा करते. पण खरी गंमत आत आहे. १९७० च्या दशकात मिनोरु हिरानो या जपानी डॉक्टरांनी दाखवलं की तंतूला थर असतात, वर पातळ अस्तर, त्याखाली जेलीसारखा मऊ थर, मग लवचिक धागे, मग चिवट धागे, सगळ्यात आत स्नायू. अस्तर आणि जेली मिळून एक सैल आवरण होतं आणि ते आतल्या घट्ट भागावर सरकतं, म्हणजे आवाज निघताना तंतू नुसता हलत नाही, त्याच्यावरनं खालनं वर एक लाट धावते. खालची कड आधी उघडते, वरची नंतर, मिटताना पण खालचीच आधी, आणि या मागंपुढं असण्यामुळंच हवेची ताकद तंतूला मिळत राहते, नाहीतर कंपन दोन फेऱ्यांत विझलं असतं.

नळी घासली, नळी असतानाच खोकला आला, कोरडा गॅस लागला की हे आवरण सुजतं. मिरजेच्या तंबोऱ्याच्या तारेला ओला कापूस गुंडाळल्यावर जे होईल तेच, वजन वाढलं, कंपन मंदावलं, आवाज खाली उतरला. दोन्ही बाजू सारख्या सुजत नाहीत म्हणून लाट वेडीवाकडी होऊन घोगरेपणा येतो, कडा नीट मिटत नाहीत म्हणून हवा निसटते आणि बोलताना दम पुरत नाही.

नशीब एवढंच की वाकडी नळी फटीच्या मागच्या बाजूला टेकते आणि मुख्य थरथर पुढच्या साधारण तीन पंचमांश भागात होते. मागं मात्र कूर्चेवर, म्हणजे मऊ हाडावर, नुसतं पातळ अस्तर, तिथं जास्त दाब बसला तर जखम होते आणि कधी कधी काही आठवड्यांनी तिथं ग्रॅन्युलोमा नावाची गाठ येते. शिवाय हवा बाजूनं निसटू नये म्हणून तंतूंच्या खाली नळीला फुगा असतो, त्यातला दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याएवढा ठेवतात, त्यावर गेला की अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा गॅस वापरला तर तो फुग्यात झिरपून दाब आपोआप वाढवतो, म्हणून मधे मधे मोजायला लागतो.

जाता जाता, स्वतःचे स्वरतंतू आरशात बघणारा मॅन्युएल गार्सिया डॉक्टर नव्हता, गाण्याचा मास्तर होता. साल १८५४, हत्यारं म्हणजे आरसे आणि ऊन. आपल्या विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ ला नाटक उभं केलं, त्याला तेव्हा ११ वर्षं झाली होती.

बहुतेकांचा आवाज काही दिवसांत सुटतो. पाणी प्या, कमी बोला, सारखं खाकरू नका, आणि कुजबुजू पण नका, त्यानं बऱ्याच जणांच्या गळ्यावर उलट ताण येतो. हळदीचं दूध प्या की, हळदीच्या पेठेत राहून नको कसं म्हणू, पण गिळलेली गोष्ट अन्ननळीत जाते, स्वरतंतूंवरनं जातच नाही (गेली तर ठसका लागतो!), हे "तीन दिवसांत आवाज मोकळा" वाले काढे विकणारे सांगत नाहीत. दोन-तीन आठवडे झाले तरी आवाज तसाच असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं बघून घ्या. श्वासाला घरघर किंवा पाणी पिताना ठसका असेल तर लगेच. थायरॉइडच्या ऑपरेशनची गोष्ट वेगळी, आवाजाची नस तिथं अगदी चिकटून जाते, तिथं सगळा दोष नळीवर ढकलू नका.

आणि तुम्ही गाणारे, कीर्तनकार, शिक्षक असाल तर भुलीच्या डॉक्टरांना आधीच सांगा. जमत असेल तर ते लहान नंबरची नळी घेतात, किंवा तंतूंच्या मधनं न जाता वरच बसणारा मास्क वापरतात, जो आर्ची ब्रेन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९८१ मध्ये पहिल्यांदा वापरला, आणि ऑपरेशन कमरेखालचं असेल तर बऱ्याचदा पाठीतल्या इंजेक्शनवरच भागतं.