शिरेतला फुगा जत्रेतल्या फुग्यासारखा नसतो

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या रुग्णालयांबाहेर नातेवाइकांच्या बोलण्यात एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: अँजिओप्लास्टीचा, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी आतून रुंद करणारा फुगा रबरी असतो आणि हवा जास्त झाली, तर तो फुगत जाऊन रक्तवाहिनी फाडतो. भीती समजण्यासारखी आहे, पण फुग्याचे हे वर्णन चुकीचे आहे.

1977 मध्ये डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी स्वित्झर्लंडमधल्या झुरिचमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीची पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी केली, तेव्हाही त्यांचा फुगा रबरी नव्हता, पीव्हीसी या प्लास्टिकचा होता. कारण ताणले जाणारे रबर अडथळ्याच्या कठीण जागी दबते आणि शेजारच्या मोकळ्या जागी फुगते, म्हणजे नको तिथेच जोर लावते. म्हणून आज नायलॉन किंवा पीईटी या प्लास्टिकची बारीक नळी तापवून, साच्यात लांबीला ताणून आणि आतून दाब देऊन फुगा घडवतात. त्यामुळे भिंत केसाहूनही पातळ राहते, तरी मोटारीच्या टायरच्या कित्येक पट दाब सोसते आणि व्यास ठरलेल्या मापाच्या फारसा पुढे जात नाही. शिवाय हा फुगा हवेने नव्हे, तर क्ष-किरणांत दिसणाऱ्या द्रवाने भरतात. रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका शून्य नाही. म्हणूनच मापाची निवड आणि दाबावरचे लक्ष महत्त्वाचे असते.

खरा लवचीक फुगा असतो तो लघवीच्या नळीला, म्हणजे फोली कॅथेटरला. तो लॅटेक्सचा किंवा सिलिकॉनचा असतो, कारण त्याला अडथळा फोडायचा नसून मूत्राशयात नळी अडकवून ठेवायची असते. तो मात्र निर्जंतुक पाण्यानेच भरावा. मिठाच्या पाण्याचे स्फटिक फुगा भरण्याच्या बारीक वाहिनीत साचले, तर काढताना फुगा रिकामा होत नाही.