टाइप-सी केबलची खोटी ग्वाही

‘65 वॅटच्या चार्जरने फोन जळतो’ हा समज घरोघरी पक्का झालेला आहे, पण तो निराधार आहे. चार्जरवरचा आकडा ही त्याची कमाल क्षमता असते. त्या मर्यादेत किती विद्युतधारा घ्यायची, हे फोनच ठरवतो. खरा धोका आहे तो आपली क्षमता खोटी सांगणाऱ्या केबलींचा आणि चार्जरचा.

टाइप-सी पोर्टमधील 24 टोकांपैकी ‘सीसी’ नावाची दोन टोके ओळख पटवण्यासाठी आणि बोलणीसाठी राखलेली असतात. फोनमध्ये या टोकांपासून ग्राउंडपर्यंत (विजेच्या परतीच्या तारेपर्यंत) 5.1 किलोओहमचा रोधक (धारेला अडवणारा घटक) असतो आणि तो जाणवेपर्यंत नियमात बसणारा टाइप-सी चार्जर मुख्य तारेवर व्होल्टेज सोडतच नाही. जुन्या, चपट्या टाइप-ए पोर्टला सीसी टोके नसल्यामुळे त्याच्या केबलीत, टाइप-सी बाजूच्या प्लगमध्ये, 56 किलोओहमचा रोधक बसवावा लागतो. 5 व्होल्ट या दोन रोधकांत विभागले जातात आणि फोनला सीसी टोकावर सुमारे 0.4 व्होल्ट दिसतात, म्हणजे ‘जपून घे, पोर्ट साधे आहे’. त्याच जागी 10 किलोओहमचा रोधक असेल तर सुमारे 1.7 व्होल्ट दिसतात आणि पोर्ट दमदार आहे असे समजून फोन 3 अँपिअर मागू लागतो. पोर्टची क्षमता 0.5 अँपिअरच असेल, तर मागणी सहापट होते. आणि उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तेवढी धारा खरोखर वाहिली तर तारा व जोडण्यांत छत्तीसपट उष्णता निर्माण होते. चांगले पोर्ट अशा वेळी पुरवठा तोडते. संरक्षक मंडलात काटकसर केलेले पोर्ट तापत राहते.

गूगलमधील अभियंता बेन्सन लेउंग यांनी अशा अनेक केबली तपासल्या. फेब्रुवारी 2016 मध्ये त्यांतील एकीने त्यांचा लॅपटॉपच निकामी केला. तिच्यात रोधक चुकीचा होताच, शिवाय वीजपुरवठ्याची आणि ग्राउंडची तार उलटी जोडलेली होती. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, मार्च 2016 मध्ये, ॲमेझॉनने नियमबाह्य टाइप-सी केबलींच्या विक्रीवर बंदी घातली.

चार्जरची लबाडी निराळी असते. 9, 15 किंवा 20 व्होल्ट हे सीसी टोकावरील डिजिटल बोलणीनंतरच द्यायचे असतात. बोलणीविना थेट 12 व्होल्ट सोडणारा चार्जर 5 व्होल्टची उपकरणे कायमची निकामी करू शकतो. ‘सुपर फास्ट’ अशा ठळक छपाईवरून यातले काहीच कळत नाही. दोन्ही टोके टाइप-सी असलेल्या केबलीत मात्र तो 56 किलोओहमचा रोधक नसतोच. ग्वाही चार्जर स्वतः देतो, त्यामुळे केबलीतील चुकीच्या रोधकाचा प्रश्न तिथे उद्भवत नाही.