श्रीखंडाच्या डब्यामागचा इतिहास

श्रीखंड संपले तरी त्याचा डबा घरातून जात नाही, ही रीत प्लास्टिकहून जुनी आहे. १९३७ साली बाजारात आलेल्या डालडा वनस्पती तुपाचे पिवळे पत्र्याचे डबे रिकामे झाले की त्यांत डाळी-तांदूळ भरले जात, तळाला भोके पाडून तुळस लावली जाई आणि अगदी शेवटी, गंजायला लागल्यावर, चाळीच्या संडासातले टमरेल म्हणूनही त्यांची चाकरी चाले.

दुधाची गोष्ट वेगळी होती. मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटलीतून येई आणि रिकामी बाटली केंद्रावर परत जाई. त्यामुळे घरात उरे ते फक्त ॲल्युमिनियमचे पातळ झाकण. प्लास्टिकची पिशवी आल्यावर रिकाम्या वेष्टनाचे काय करायचे, हा प्रश्न दूध विकणाऱ्याकडून स्वयंपाकघरात आला. तिथे तो आपापल्या परीने सोडवलाही गेला: पिशवीचा कोपरा पुरता तोडायचा नाही, कारण तो चिमुकला तुकडा कुणी वेचत नाही, पिशवी विसळून ओट्याच्या फरशीवर चिकटवून वाळवायची आणि साठली की भंगारवाल्याला किलोवर द्यायची, किंवा खाली दोन छिद्रे पाडून माती भरून तीत मिरचीचे रोप करायचे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेत दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत देण्याची तरतूद केली, म्हणजे बाटलीचाच जुना व्यवहार कायद्याने पुन्हा मांडला.

पत्र्याची सवय प्लास्टिकला लावताना मात्र एक गल्लत झाली. डब्याच्या तळाशी त्रिकोणात असलेला आकडा १९८८ साली अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाने ठरवला, तो पुनर्प्रक्रियेसाठी प्लास्टिकचा प्रकार ओळखता यावा म्हणून. त्याला पुनर्वापराचा परवाना समजणे चूक आहे. ५ हा आकडा असलेले पॉलिप्रॉपिलिन उष्णता बऱ्यापैकी सोसते, तर १ आकड्याची पेट (PET) या प्लास्टिकची बरणी कढत आमटी ओतताच आक्रसते. म्हणून आकडा कोणताही असला तरी श्रीखंडाच्या डब्यात गार झालेली चटणी किंवा कोरडा मसाला ठेवणे शहाणपणाचे; गरम तेलाची फोडणी त्यात ओतू नये. बहुधा आधी झाकणच तडकते, आणि मग तो डबा फ्रिजमधून निघून बटणे, हुक आणि दोऱ्याची रिळे घेऊन शिवणयंत्राशेजारी जाऊन बसतो.